डायव्हरची ट्रायल

माणसात किती प्ले आहे ते आधी बघावं, असं आमचा डायव्हर म्हणायचा. प्ले म्हणजे स्टेअरिंगमधली ढिलाई. आपण स्टेअरिंग फिरवायला घेतो आणि गाडी खरी वळायला लागते, त्याच्या मधे जेवढं फिरवणं फुकट जातं तेवढा प्ले. गाडीत थोडा लागतोच. माणसांत मात्र भरमसाट असतो, असं त्याचं मत. आज 'करतो' म्हणून पुढच्या आठवड्यात हलणारा माणूस त्याच्या लेखी पार ढिला, गॅरेजला लावण्यासारखा. माझ्याबद्दल म्हणायचा, "मास्तर, तुला प्ले नाय. पण तुला ब्रेक पण नाय. तोंडाशी आला की सोडलास."

एसटीत कंडक्टरला मास्तर म्हणतात. बाकी मास्तरकीशी माझा संबंध शाळा सोडली तेव्हाच तुटला. मी कंडक्टर, तो डायव्हर, आणि पेण-रोहा ही आमची लाइन. इतकी वर्षं त्याची पाठ बघितली की तोंडापेक्षा ती पाठच मला जास्त आठवते. खाकी शर्ट, मानेवर रुमाल, आणि वळण आलं की डावा खांदा किंचित खाली जायचा.

त्याला लोक चक्रम म्हणायचे. लोकांचं काही चुकत नव्हतं. वाटेत त्याच्या सासुरवाडीचा फाटा लागायचा. फाटा दिसला की हा तंबाखू थुंकायचा, शर्टाचं वरचं बटण लावायचा, गाडी हळू करायचा आणि हॉर्न न वाजवता मान खाली घालून पुढे जायचा. फाटा संपला की बटण सुटलं, तंबाखू परत तोंडात, गाडी परत जोरात. नवा पॅसेंजर घाबरायचा.

"काय वो, पंक्चर झाली काय?"

"नाय. सासरा हाय."

"अरे, तुझा सासरा मेला कधीचा!" मी मागून ओरडायचो.

"मेला म्हणून काय झाला? फाटा त्याचाच हाय ना."

कोणी विचारलं, रोहा कधी येणार, की म्हणायचा, "रोहा कुठं येतंय? तो जाग्यावर हाय. आपण जातोय." मेंढरं आडवी आली तर इंजिन बंद करून आरामात बसायचा. पेणच्या बाजारातून मासळीच्या रिकाम्या पाट्या घेऊन परतणाऱ्या मावश्यांशी मी ओल्या पाटीवरून भांडायचो आणि हा आरशातून मला डोळे वटारायचा. पावसात काचेवर पाणी थांबू नये म्हणून तो कागदाने तंबाखू चोळायचा. हे पुष्कळ डायव्हर करतात. पण हा चोळण्याआधी तंबाखू चाखून बघायचा. कडक नसेल तर काच साफ होत नाही म्हणायचा.

त्याची बायको गावाला, खारेपाटात, शेतीवर. हा पेणला रामवाडीत खोली घेऊन राहायचा, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. संध्याकाळचा चहा आमच्याकडे. आमची ही जिते गावची, बोलायला फटकळ, पण त्याच्याशी तिचं जमायचं. "भावोजी, साखर किती?" "वैनी, हात आखडू नका म्हंजे झाला." रोज तेच बोलणं आणि रोज दोघं हसायची. त्यात हसण्यासारखं काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही. ही गेल्यापासून चहा मीच करतो. एकाचा करायला जातो आणि तो दोघांचा होतो. उरलेला मोरीत ओततो. असो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा डायव्हरच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. अलिबागला जाऊन ऑपरेशन केलं. काळा चष्मा लावून तो रजेभर आमच्या ओट्यावर बसून असायचा आणि हायवेवरून जाणाऱ्या गाड्या आवाजावरून ओळखायचा. शेवटी डॉक्टरने तपासलं आणि फिट म्हणून कागद दिला. सोमवारपासून ड्यूटी. पण याच्या तोंडावर आनंद नव्हता.

"डॉक्टर अक्षरं वाचायला लावतो," तो हिला म्हणाला. "रस्ता वाचायला कोण लावतो? वैनी, डोळा दिला त्यानं. पण हात? इतकं दिवस बसलोय. हात आधीसारखा हाय का नाय, कसा कळायचा?"

आता आमच्या घरची भानगड सांगतो. मुलीने पुढच्या खोलीत कॉम्प्युटरचा क्लास काढला होता. दोन मशिनं होती. एक जुनी, मुंबईच्या कुठल्या ऑफिसातून सेकंडहँड आणलेली, झाकण उघडं, पंखा घुरघुरणारा. ती कोपऱ्यात चादरीखाली. दुसरी नवीकोरी, पनवेलच्या दुकानदाराने दिलेली. तो सांगून गेला होता, "हिच्यात सगळं आतच आहे. वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतच नाही." ती पुढे, दारातून दिसेल अशी. तिला हळदकुंकू लावलेलं होतं. दोन्हींवर गाड्यांच्या शर्यतीचा एक खेळ होता. डोंगरातला रस्ता, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला समुद्र. क्लास सुटला की पोरं तो खेळायची.

शनिवारी सकाळी डायव्हरने ते बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"बाय, ह्यात गाडी चालवता येते?"

"येते ना काका. बसा."

"कुठल्या मशीनवर?"

"कुठल्याही. दोन्हीवर आहे."

"जुन्या गाड्या जन्मभर चालवल्या. नवी दे."

तो खुर्चीवर बसला. उठला. खुर्ची मागे घेतली, पुढे घेतली, खाली उशी टाकली, नसलेला आरसा नीट केला.

"ही बटणं," मुलगी म्हणाली. "डावं, उजवं, पुढे, ब्रेक."

"क्लच कुठं हाय?"

"क्लच नाही, काका."

"मग गियर टाकताना गाडी रडत नाय काय?"

"गियर आपोआप पडतो."

"आपोआप!" तो माझ्याकडे वळला. "मास्तर, हिच्यात कंडक्टर पण आपोआप असंल. गेली तुझी नोकरी."

शर्यत सुटली. बाकीच्या गाड्या सुसाट गेल्या. हा डावी बाजू धरून चालला आणि मागून येणाऱ्यांना उजवा हात बाजूला काढून 'जा पुढं' अशी खूण करायला लागला.

"काका, शर्यत आहे! त्यांना मागे टाकायचंय!"

"त्यांना कुणाच्या मयताला जायचा असंल. जाऊ दे." मग वळण दिसलं. "हॉर्न कुठला?"

"हॉर्न नाही."

"वळणावर हॉर्न नाय? रस्त्यात माणूस नाय, गुरं नाय, हॉर्न नाय. कसला गो देश हा!"

आणि तो कड्यावर आपटला. आम्ही सगळे हसलो. ही स्वयंपाकघराच्या दारात तांदूळ निवडत बसली होती, ती म्हणाली, "भावोजी, मागची मंडळी बरी हायत ना?" तोही हसला. पुन्हा सुरू केलं. पुन्हा त्याच वळणाला आपटला. मग पुढच्या वळणाला समुद्रात गेला. मग परत कड्यावर. चित्र नीट दिसत नाही म्हणून त्याने खिशातून तंबाखू काढली, चाखली, आणि मुलगी "काका! काका!" करत असताना मॉनिटरच्या काचेवर कागदाने चोळली. काच चकचकीत झाली. गाडी परत आपटली.

मग तो बोलायचा थांबला. आपटायचा, परत सुरू करायचा, आपटायचा. शेवटी उठला, हात धुतले आणि चहा न घेता गेला. आजवर तसं कधी झालं नव्हतं.

दुपारी डेपोत गेलो तर कंट्रोलर म्हणाला, "तुझा डायव्हर येऊन गेला. साहेबांना सांगून गेला, सोमवारपासून मला स्टेअरिंग देऊ नका. गाड्या धुवायला लावा. साहेब म्हणाले, सोमवारी बघू."

मी तडक त्याच्या खोलीवर गेलो. हा खाली बसून सीटवर टाकायची गादी झटकत होता. ती गादी तो रोज गाडीत घेऊन चढायचा.

"ही नव्या डायव्हरला दे," तो म्हणाला. "त्या सीटची स्प्रिंग टोचते."

"अरे गाढवा, पोरांच्या खेळण्यावरनं तू गाडी सोडतोस?"

"खेळणं नाय मास्तर, ट्रायल होती. मी बोट दाबतो तवा गाडी वळत नाय. माझा दाबून झाला की मग वळते. म्हंजे हात मागं राहिलाय. डोळ्याला दिसतंय, पण हाताला उशिरा कळतंय."

"ते मशीन आहे. आपली गाडी वेगळी."

"गाडीत माणसं बसतात," तो म्हणाला. "भिसेखिंडीत हात मागं राहिला तर त्यांना काय सांगू?"

मी त्याला शिव्या दिल्या. तो ऐकत राहिला. उलट बोलला नाही, तेव्हा मात्र मला भीती वाटली. गाडी सोडली असती तर तो आतून संपला असता. दिवसभर नळी धरून दुसऱ्यांच्या गाड्या धुताना तो मला दिसायला लागला.

घरी येऊन मी हिच्यावर आणि मुलीवर ओरडलो. कॉम्प्युटर गटारात टाका म्हणालो. ही शांतपणे भाकरी थापत होती.

"तुमचं ओरडून झालं तर एक विचारते," ती म्हणाली. "बाय, क्लास सुटला की सगळी पोरं त्या कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर बसायला का भांडतात? नवी समोर असताना?"

मुलगी हातातलं काम टाकून बघत राहिली. मग कपाळावर हात मारला. "आई गं! कार्ड!"

मग तिने आम्हाला समजावलं. नव्या मशीनमध्ये चित्र काढायची सोय मुख्य बोर्डावरच बसवलेली. तिला स्वतःची मेमरी नाही. मशीनच्या मेमरीतलीच थोडी उसनी घेते. टायपिंगला, हिशेबाला काही अडत नाही. पण गाडी पळायला लागली, रस्ता सारखा नवा काढावा लागला, की तिला धाप लागते आणि चित्र मागे पडतं. जुन्या मशीनमध्ये ग्राफिक्स कार्ड वेगळं. आहे जुनाट, पण मेमरी स्वतःची आणि काम एकच, चित्र काढणं.

"म्हंजे जुनीनं वेगळी चूल मांडलीय," ही म्हणाली. "आणि नवी सासूच्या टोपातलं वाढून घेते. रोजच्या जेवणाला ठीक. पंगत बसली की दोघी उपाशी."

"अगदी तसंच, आई."

"मग त्यांना आधीच जुनीवर का नाय बसवलंस?"

"त्यांनीच नवी मागितली!"

मी निघालोच होतो त्याला सांगायला. हिने हाताला धरून थांबवलं. "तुम्ही सांगायला गेलात तर त्यांना वाटंल, समजूत काढतायत. मी जाते."

ती गेली तशी मीही मागोमाग गेलो. त्याच्या दारात उभी राहून ती म्हणाली, "भावोजी, उठा. बायची ट्रायल घ्यायची हाय."

"कसली ट्रायल?"

"ती पण त्या मशीनवर आपटते. तिचा हात कसा हाय ते बघा. तुम्ही नव्या डायव्हरांच्या ट्रायल घेतल्यात ना? मग चला."

हे खरं होतं. नवा डायव्हर लाइनवर आला की साहेब याला शेजारी बसवायचे. तेव्हा हा रस्ता बघायचा नाही, त्या माणसाचे हात बघायचा. ट्रायल घ्यायला कोणी बोलावलं तर नाही म्हणणं त्याला जमत नसे. चप्पल घालून आला. पण मला सांगून ठेवलं, "मी बसणार नाय हां."

मुलगी नव्या मशीनवर बसली. हा शेजारी, हाताची घडी घालून. ती या खेळात वस्ताद होती, सगळ्या पोरांना हरवायची. पहिल्या वळणाला कड्यावर गेली.

"परत," तो म्हणाला.

परत गेली. याने हाताची घडी सोडली. वाकला. मान तिच्या बोटाकडे, मग पडद्याकडे, मग बोटाकडे.

"हळू घे. वळणाआधी सांग, आता दाबते म्हणून."

"आता."

बोट दाबलं. गाडी सरळ जात राहिली. मग अचानक हिसका देऊन वळली आणि आपटली.

"परत सांग."

"आता."

तेच. हिच्या हाताला पीठ लागलेलं, ते तसंच सुकत होतं. त्याने स्वतःचा हात वर घेऊन बघितला, उलटा, सुलटा.

"बाय, तुझा बोट येळेवर हाय," तो म्हणाला. "गाडी उशिरा ऐकते. ह्या मशीनला प्ले हाय!"

मुलीने जुन्या मशीनवरची चादर काढली. मशीन सुरू होताना घरघरलं, एकदा शिंकल्यासारखं केलं आणि तोच डोंगर, तोच समुद्र आला. रंग थोडे मळके होते आणि कडेची झाडं कागदातून कापल्यासारखी. ती खेळली. 'आता' म्हणायची आणि गाडी त्याच क्षणाला वळायची. त्याने तीन-चार वळणं बघितली आणि मग तिला खांद्याने बाजूला ढकललं.

"ऊठ, ऊठ. सीट दे."

त्याने बटणांवर बोटं ठेवली. पहिलं वळण आलं. डावा खांदा किंचित खाली गेला. गाडी कड्याला न घासता वळली. दुसरं वळण. तिसरं. बाकीच्या गाड्या कधीच पुढे निघून गेल्या होत्या. हा एकटा, डाव्या बाजूने, समुद्र बघत चालल्यासारखा. शेवटी रेघ ओलांडली तेव्हा पडद्यावर काहीतरी इंग्रजी आलं.

"काय म्हणते?"

"शेवटचा नंबर आला, काका."

"पोचलो ना?"

"पोचलात."

"मग झाला तर." त्याने नाक शिंकरलं. रुमाल मानेवरून काढून बराच वेळ तोंड पुसत होता. ही आत जाऊन मोठ्याने भांडी वाजवायला लागली.

मग त्याने ते कार्ड बघायला मागितलं. मुलीने प्लग काढला आणि उघड्या झाकणातून दाखवलं. तळहातापेक्षा थोडी मोठी हिरवी पट्टी, वर एवढासा पंखा, त्यात कापूस भरल्यासारखी धूळ.

"एवढंच? ह्याला जरा हवा मारा. तेल द्या." मग म्हणाला, "नवी परत करून टाक, बाय. डोंगरात न्यायच्या लायकीची नाय."

"नाही काका. तिच्यावर टायपिंग छान होतं, आवाज नाही, वीज कमी खाते. क्लासला तीच बरी. ही जुनी उद्या बंद पडली तर असलं कार्ड मिळायचं सुद्धा नाही."

त्याने विचार केला. "मग नवीला कारकून कर आणि जुनीला डायव्हर. दोघींना जे जमतं ते द्या. उगाच कारकुनाला खिंडीत पाठवू नका." पनवेलच्या दुकानदारालाही मुलीने पुढे हेच सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, बरोबर आहे, पण असं सांगून मला मशीन विकायला जमणार नाही.

सोमवारी आम्ही साहेबांपुढे उभे राहिलो. साहेबांनी विचारलं, "शनिवारी म्हणालास स्टेअरिंग नको. आज म्हणतोस पाहिजे. मधे काय झालं?"

"साहेब, कॉम्प्युटर उसन्यावर चालत होता."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. डॉक्टरचा कागद टेबलावरच होता. साहेब म्हणाले, "जा, घेऊन जा गाडी. आणि दोघांनीही डोकं तपासून घ्या."

गाडी डेपोतून निघाली ती रामवाडीत आमच्या घरासमोर थांबली. तिथं थांबा नव्हता. पॅसेंजर ओरडायला लागले. याने हॉर्न दाबून धरला. ही पदराला हात पुसत बाहेर आली.

"वैनी, चढा. बायची ट्रायल मी घेतली. माझी तुम्ही घ्या."

"अवो, भात चुलीवर हाय!"

"बाय बघंल. चढा. खिंडीत हात बघा आणि सांगा. तुम्ही नाय म्हणालात तर रोह्याला गाडी लावतो आणि परत येताना मास्तरच्या बाजूला बसून येतो."

तो थट्टा करत नव्हता. ते तिला कळलं. ती चढली आणि त्याच्या मागच्या सीटवर, कडेला, हात दिसतील अशी बसली. मी तिचं तिकीट फाडलं. लग्नानंतर पहिल्यांदाच तिला तिकीट दिलं असेल. तिने ते मुठीत धरलं आणि दुसऱ्या हाताने पुढचा दांडा.

वडखळ गेलं, नागोठणं गेलं. ती बाहेर बघत नव्हती. मी मधे मधे पुढे जाऊन बघायचो, तर नजर त्याच्या मनगटांवर. खिंड लागली. पहिलं वळण आलं तेव्हा समोरून भरलेला ट्रक उतरत होता. हॉर्न वाजला, खांदा खाली गेला, गाडी कड्याला धरून वळली आणि ट्रक घसघसत बाजूने निघून गेला. दांड्यावरची तिची बोटं पांढरी पडली होती. पुढचं वळण. त्याच्या पुढचं. मग हळूहळू ती बोटं सैल झाली, हात मांडीवर आला, आणि ही भरल्या गाडीत सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली, "पास झालात हो भावोजी, पास!"

त्याने मान वळवली नाही.

"वैनी," तो म्हणाला, "चालकाशी बोलू नये. वर लिवलाय."

ती जी हसत सुटली ती थांबेना. पदर तोंडात घेतला तरी थांबेना. मी मागच्या सीटशी जाऊन सुट्या पैशांवरून कुणाशी तरी भांडायला लागलो, तरी इंजिनाच्या आवाजातून ते हसणं मला तिथपर्यंत ऐकू येत होतं.